चिठ्ठीवर नाव थोरलीचं

ड्रुसिला प्रॉबर्टच्या जिभेला हाड नाही, हे इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरच्या त्या कोपऱ्यात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. वय एकोणतीस, लग्न नाही, बाप जाऊन सहा वर्षं झालेली आणि घरात राज्य सावत्र आईचं. अशा पोरीने खरं तर मान खाली घालून मोजे विणावेत आणि कोणी विचारलं तर तेवढ्यापुरतं "हो मॅडम" म्हणावं. पण छे! समोरचा चुकला की हिने तोंड उघडलंच म्हणून समजा. आणि समोरचे, देवाच्या कृपेने, रोजच चुकायचे.

गेल्या नाताळातल्या नाचाला चुकला तो कॅप्टन गिडियन ट्रास्क. हा आरमारातला माणूस. बारा वर्षांचा असताना जहाजावर चढला तो छत्तिसाव्या वर्षी खांद्यात फ्रेंच गोळी घेऊन उतरला, आणि मेलेल्या काकाचं घर वारशाने मिळालं म्हणून प्रॉबर्टांच्या शेजारी येऊन राहिला. जमिनीवरच्या रीतीभाती त्याला कुठून ठाऊक असणार? तो थेट ड्रुसिलाच्या धाकट्या सावत्र बहिणीसमोर, सेलिनासमोर, जाऊन वाकला आणि म्हणाला, "मिस प्रॉबर्ट, हा नाच माझ्याबरोबर कराल?"

सेलिना सतरा वर्षांची, दिसायला देखणी, तिला कोण नाचायला विचारणार नाही? पण तिच्या शेजारी थोरली बसली होती ना! घरातल्या थोरल्या मुलीला तेवढं आडनावाने हाक मारायची, धाकट्यांना त्यांच्या नावाने. एवढी साधी गोष्ट.

"मिस प्रॉबर्ट मी आहे," ड्रुसिला खणखणीत आवाजात म्हणाली. "ही मिस सेलिना. आरमारात निदान झेंडे तरी ओळखायला शिकवतात ना?"

तेवढ्यात मेलं वाजवणाऱ्यांनीही नेमकं थांबावं! अख्ख्या दालनाने ते ऐकलं आणि अख्खं दालन हसलं. कॅप्टन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्या दिवशी तो कोणाबरोबरच नाचला नाही, टोपी उचलली आणि चालता झाला.

ड्रुसिलाला घरी जाताना जरा वाईट वाटलं. पण माफी मागायची कशी, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी कॅप्टनने भांडण उकरून काढलं, त्यामुळे माफीचा प्रश्न मिटला.

भांडण सफरचंदाच्या झाडावरून होतं. बुंधा त्याच्या कुंपणाच्या आत आणि निम्म्या फांद्या प्रॉबर्टांच्या भिंतीवरून अलीकडे. त्या फांद्यांवर पांढऱ्या फळांचं बांडगूळ माजलेलं. नाताळात लोक तेच दारात टांगतात, त्याखाली सापडलेल्या पोरीचा मुका घेतात आणि दर मुक्याला एक फळ तोडतात, ते बांडगूळ.

"झाड माझं आहे, म्हणजे त्याच्यावर वाढतं तेही माझंच," कॅप्टन भिंतीपलीकडून म्हणायचा.

"फांदी आमच्याकडे आहे, म्हणजे फांदीवरचं आमचं," ड्रुसिला भिंतीअलीकडून.

"मी फांदी तोडून टाकीन."

"तोडा की. खांदा धड आहे का तेवढा?"

असं वर्षभर. कधी झाड, कधी त्याची बदकं, कधी हिच्या स्वयंपाकघरातला धूर. आणि दर वेळी भेटला की तो आधी टोपी काढून, एकेक अक्षर जड करून म्हणायचा, "सुप्रभात, मिस प्रॉबर्ट. बरोबर म्हटलं ना? थोरल्या तुम्हीच ना?" तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण भिंतीपाशी त्या वेळी दुसरं कोणी नसायचं, त्यामुळे ही खोच त्या दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हती. एवढं ध्यानात असू द्या.

या वर्षी नाताळाच्या दोन दिवस आधी, सकाळी न्याहारीला सगळे बसलेले असताना कॅप्टनचा नोकर चिठ्ठी देऊन गेला. मिसेस प्रॉबर्टनी ती तबकातून उचलली. त्या घरात आलेलं प्रत्येक पत्र त्याच फोडायच्या, कोणाचंही असो. त्यांनी वरचं नाव वाचलं, लाखेचा शिक्का सुरीने उचकटला आणि दोन ओळी वाचताच त्यांचा हात छातीशी गेला.

"अगं बाई! मागणी आहे! सेलिना, तुला मागणी आलीय!"

सेलिनाच्या हातातलं अंडं ताटात पडलं.

मिसेस प्रॉबर्टनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. "'मला गोड बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. माझं घर जुनं आहे, पण छप्पर गळत नाही. त्या घरात तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. मला एक गोष्ट दुसऱ्यांदा शिकवावी लागत नाही, एवढाच गुण मी माझा म्हणून सांगतो. नाताळच्या जेवणाला तुमच्या आईंनी मला बोलावलंच आहे. तेव्हा उत्तर द्या. नाही असेल तर मी फेब्रुवारीत जहाजावर परत जाईन आणि तुम्हाला पुन्हा त्रास होणार नाही. गिडियन ट्रास्क.' बघा! छप्पर गळत नाही म्हणे! हे काय मागणीचं पत्र झालं? पण घर मोठं आहे हो. चांगलं मोठं आहे."

"वर नाव कोणाचं आहे?" ड्रुसिलाने विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला होता.

"'मिस प्रॉबर्ट'. आणि खाली दोन रेघा मारल्यात ठसठशीत. काय ती बोरूबहाद्दरी!" मिसेस प्रॉबर्ट खो खो हसल्या. "बिचारा अजून शिकलाच नाही. गेल्या वर्षी नाचाला असंच नव्हतं का चुकलं त्याचं? तूच त्याचा पाणउतारा केला होतास, आठवतं ना?" मग त्यांनी हसू आवरलं आणि थोरलीकडे पाहिलं. "तुला असं तर नाही ना वाटलं, की ही तुला आलीय?"

नोकराणीसुद्धा हसली. सेलिना तेवढी हसली नाही, ती रडायच्या बेतात होती.

"मला काही वाटत नाही," ड्रुसिला म्हणाली आणि पावाला लोणी लावत राहिली. पावाचे तीन तुकडे झाले तरी लावतच होती.

आता तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. अख्ख्या परगण्यात एकच पुरुष असा होता, ज्याच्याकडून ही चूक दुसऱ्यांदा होणं शक्य नव्हतं. वर्षभर रोज सकाळी तो ते नाव घोकत होता. त्या दोन रेघा म्हणजे त्याचा तो जड आवाज होता, तिला कागदावरूनही ऐकू आला. चिठ्ठी तिचीच होती. तिच्या काळजाने एक उडी घेतली.

आणि लगेच ते आपटलं. कारण ड्रुसिला मूर्ख नव्हती. ज्या माणसाने वर्षभर दात धरला, त्याला अचानक प्रेम कसं येईल? हा तर सापळा! त्याने मुद्दाम असं नाव घातलं असणार, की ही म्हातारी होत चाललेली पोर धावत येईल, सगळ्यांसमोर म्हणेल "चिठ्ठी माझी", आणि मग तो टोपी काढून म्हणेल, "अरेरे, पुन्हा चुकलो की काय? मला धाकट्या म्हणायचं होतं." दालनभर हसू. झाली फिटंफाट. ती त्याच्या जागी असती तर तिने हेच केलं असतं, आणि म्हणून तर तिची खात्री पटत होती.

गप्प बसावं, तर सेलिना त्याच्या गळ्यात. बोलावं, तर जन्मभराचं हसं. शिवाय गप्प बसली आणि चिठ्ठी खरी असली तर? त्या तिसऱ्या गोष्टीकडे ती बघतच नव्हती.

दुपारी दोघी बहिणी चांदीचे चमचे घासायला बसल्या. सेलिनाचे डोळे सुजले होते.

"ड्रू, मला नको तो. मला भीती वाटते त्याची. बोलतच नाही. मागच्या महिन्यात अर्धा तास शेजारी बसला होता आणि जांभई दाबत होता. मी पाहिलं."

"मग नाही म्हण."

"आईला? तू म्हणून बघ ना तिला नाही!" सेलिनाने नाक पुसलं. "तिने उत्तरसुद्धा ठरवून ठेवलंय. पुडिंग आलं की ती सांगणार. मी फक्त लाजायचं." थोडं थांबून ती म्हणाली, "तुझ्याशी भांडतो तेव्हा मात्र हसतो."

"कोण?"

"कॅप्टन. तू पाठ फिरवून घराकडे येतेस ना, तेव्हा. मी वरच्या खिडकीतून बघते. भिंतीवर कोपर टेकवून हसत उभा असतो."

"मला हसत असेल."

"असेलही," सेलिना म्हणाली. "पण मग पाऊस आला तरी आत का जात नाही?"

ड्रुसिलाने चमचा एवढा जोरात घासला की अंगठा सोलला.

दुसऱ्या दिवशी नाताळची पूर्वसंध्या. सजावटीचा हिरवा पाला त्याच दिवशी घरात आणायचा, आधी आणला तर अपशकुन. ड्रुसिला कोयती घेऊन भिंतीपाशी गेली. कॅप्टन झाडाखाली उभाच होता. जणू वाट बघत होता, किंवा नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती.

"सुप्रभात, मिस प्रॉबर्ट," तो म्हणाला.

बस्स. तेवढंच. "बरोबर म्हटलं ना" नाही, "थोरल्या तुम्हीच ना" नाही. वर्षभरात पहिल्यांदा. ती खोच नाही म्हटल्यावर ड्रुसिलाला पायाखालची पायरी हुकल्यासारखं झालं आणि घाबरली की ती चावायची.

"शिडी धरा नाहीतर बाजूला व्हा. फांदी आमची आहे."

त्याने निमूटपणे शिडी धरली. हेही वाईटच. ती वर चढली. खालून त्याने विचारलं, "चिठ्ठी पोचली?"

"पोचली. घरातल्या सगळ्यांना पोचली. न्याहारीला मोठ्याने वाचून झाली, अंड्यांबरोबर."

शिडी हलली. "मोठ्याने?"

"नोकराणीला तुमचं न गळणारं छप्पर फार आवडलं."

मग तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही हसलात?"

नाही, म्हणायचं होतं तिला. मी सोडून सगळे हसले, मला घास गिळता आला नाही, म्हणायचं होतं. पण वर शिडीवरून तिला त्याच्या टोपीचा माथा तेवढा दिसत होता, आणि टोपीवर विश्वास कसा ठेवायचा?

"नाताळ आहे कॅप्टन. लोक हसतात."

त्याने शिडी सोडली नाही. ती खाली उतरेपर्यंत धरून ठेवली, तिच्या पायाने जमीन पकडल्यावर मगच हात काढला. त्याचा चेहरा गेल्या वर्षीच्या नाचात झाला होता तसा झाला होता, फक्त लाल नव्हता, पांढरा होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बोलावलंय म्हणून उद्या येईन. मोठ्याने वाचलंत, आता मोठ्याने नाहीही म्हणा. पळून जायची मला सवय नाही."

ड्रुसिला बांडगुळाचा भारा कवटाळून घरी आली. ज्याला दुसऱ्याचं हसं करायचं असतं तो असा पांढरा पडत नाही, एवढं तिला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि भरल्या ताटांवर उभं राहून बोलणं वेगळं. दारात मिसेस प्रॉबर्ट उभ्या होत्या.

"आणलंस का? टांग जेवणाच्या खोलीत. बांडगुळाने बांडगूळ आणलं," त्या म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन आत गेल्या. "सेलिना गेली की घरात दुसऱ्याच्या जिवावर जगणारं एकच उरेल बाई."

नाताळच्या दिवशी चार वाजता सगळे जेवायला बसले. पाद्री मिस्टर क्रंप आणि त्यांच्या पत्नी, मिसेस प्रॉबर्ट, दोघी बहिणी आणि कॅप्टन. त्याने आरमारातला निळा कोट घातला होता. भाजलेलं बदक कापलं गेलं, सफरचंदाचं सायडर ओतलं गेलं, पाद्रीबुवांनी दोनदा घेतलं. कॅप्टनने काही खाल्लं नाही. ड्रुसिलाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. एरवी तो तिच्याकडे बघून कपाळाला आठ्या घालायचा, आज आठ्याही नाहीत. वर्षभर हिला तेच हवं होतं. आता मिळालं तर ते तिला गिळवेना.

पुडिंग आलं. ब्रँडीच्या निळ्या ज्वाळा त्यावर नाचत होत्या. मिसेस प्रॉबर्टनी ग्लासावर चमचा वाजवला.

"मंडळी, या शुभ दिवशी एक गोड बातमी. कॅप्टन ट्रास्क, तुमची चिठ्ठी मिळाली. आमच्या सेलिनाचा होकार आहे हो!"

सेलिना लाजली नाही. ती कागदासारखी पांढरी होऊन बसून राहिली.

कॅप्टनने मान वर केली. आधी त्याला काही समजलंच नाही. त्याने सेलिनाकडे पाहिलं, मग मिसेस प्रॉबर्टकडे, मग अगदी सावकाश ड्रुसिलाकडे. आणि त्या नजरेत जे होतं ते ड्रुसिलाने लख्ख वाचलं: तू माझी चिठ्ठी बहिणीकडे सरकवलीस. एवढा दुष्टपणा?

"मिस प्रॉबर्टनी चिठ्ठी वाचली का?" त्याने विचारलं.

"वाचली म्हणजे काय! पाठ झालीय पोरीला," मिसेस प्रॉबर्टनी सेलिनाच्या गालाला चिमटा काढला.

पाद्रीबुवा "वा, वा" म्हणत उठले. आता सांगा, कॅप्टन काय करणार होता? पुरुषाने मागणी घातली आणि होकार आला की माघार नसते. "ही नाही, ती" असं पाद्रीसमोर म्हटलं तर अठरा वर्षांच्या पोरीची जन्माची बदनामी, आणि तो माणूस काही हलकट नव्हता. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला. सुळावर चढताना माणूस जसा ताठ राहतो तसा राहिला.

"मी मिस सेलिनांचा—" त्याने सुरुवात केली.

"थांबा."

ड्रुसिला उभी होती. कधी उठली तिचं तिलाच कळलं नाही. तिच्या हातात अजून काटा होता. तिला ठाऊक होतं की आता हा माणूस एका वाक्यात तिच्यावर सूड घेऊ शकतो, आणि घेतला तर या टेबलावरचे लोक मरेपर्यंत ते सांगत फिरतील. सेलिना तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. बोल ड्रुसिला, ती स्वतःला म्हणाली, नको तिथे वर्षभर बोललीस, आता बोल.

"मिस प्रॉबर्ट मी आहे," ती म्हणाली. आवाज खणखणीत नव्हता, फाटलेला होता. "ही मिस सेलिना. आरमारात निदान झेंडे तरी ओळखायला शिकवतात ना?"

कोणी हसलं नाही. पुडिंगवरच्या ज्वाळा विझल्या.

"ड्रुसिला!" मिसेस प्रॉबर्ट किंचाळल्या. "शरम नाही वाटत? बहिणीच्या तोंडचा घास काढतेस? मेली एवढी घोडी झाली आणि—"

"शिकवतात," कॅप्टन म्हणाला. त्याने मिसेस प्रॉबर्टकडे बघितलंच नाही. "एकदा चुकलो होतो. पुन्हा चुकलेलो नाही. चिठ्ठीवर दोन रेघा मारल्या होत्या, कोणाला शंका नको म्हणून." मग तो सेलिनाकडे वळला आणि वाकला. "मिस सेलिना, तुमची मनापासून क्षमा मागतो."

"अहो, माझी कसली!" सेलिना एकदम ओरडली आणि तिला रडू आणि हसू बरोबरच फुटलं. "बरं झालं, बरं झालं बाई!"

"मग उत्तर?" कॅप्टनने विचारलं. त्याने टेबलाची कड धरली होती.

"कशाचं उत्तर? माझी चिठ्ठी मी अजून हातातसुद्धा घेतलेली नाही." ड्रुसिलाने सावत्र आईसमोर हात पसरला. "द्या, मॅडम. नाव वाचता येतं ना? माझं आहे."

मिसेस प्रॉबर्टनी सगळ्यांकडे पाहिलं. पाद्रीबुवा छताकडे बघत होते. मिसेस क्रंप मात्र म्हणाल्या, "द्या हो, तिचीच आहे ती." चिठ्ठी कमरेच्या पिशवीतून निघाली आणि टेबलावर आपटली गेली.

"घे! आणि तुम्हीही घेऊन जा हो कॅप्टन हे बांडगूळ, माझं घर तरी सुटेल!"

ड्रुसिलाने चिठ्ठी उलगडली आणि उभ्या उभ्या वाचली. सगळे ताटकळले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाली, मग तिने पुन्हा वरून सुरुवात केली. कॅप्टनच्या कपाळावर घाम आला.

"'इच्छा' चुकीचं लिहिलंय," ती शेवटी म्हणाली.

"शिकवा. दुसऱ्यांदा चुकणार नाही."

"छप्पर खरंच गळत नाही?"

"एका जागी गळतं," तो म्हणाला. "खोटं लिहिलं."

"मी परवा हसले नव्हते," ती भडाभडा म्हणाली. "सगळे हसले, मी नाही. शिडीवर मी खोटं बोलले. मला वाटलं तुम्ही मला फसवताय. आणि उत्तर हो आहे. आता बसा खाली, तुम्ही काहीच खाल्लं नाहीये."

तो बसला नाही. टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला. डोक्यावर तिनेच टांगलेलं बांडगूळ होतं. त्याने चांगला खांदा वर करून एक पांढरं फळ तोडलं, आणि पाद्रीबुवांनी घाईघाईने पुडिंगकडे तोंड वळवलं.

"फांदी आमच्या बाजूची होती," ड्रुसिला थोड्या वेळाने म्हणाली.

"झाड माझं आहे," कॅप्टन म्हणाला. "त्याच्यावर वाढतं तेही माझंच."

वर्षभरात पहिल्यांदाच तिने उलट उत्तर दिलं नाही.